संपादकाचे सिंहावलोकन आणि सूचीची साक्ष

नियतकालिकाच्या संपादकाने आपल्याच नियतकालिकाचा इतिहास सांगणे, हा एक स्वतंत्र लेखनप्रकार मानावयास हरकत नाही. पन्नासाव्या खंडाची प्रस्तावना, महोत्सवी अंकातील सिंहावलोकन, निवृत्तीच्या वेळचे निवेदन ही त्याची परिचित रूपे. मराठी नियतकालिकांच्या इतिहासलेखनातही अशी निवेदने साधनसामग्री म्हणून मुक्तहस्ते वापरली गेली आहेत. त्यांतील सनावळ्या आणि नावे उचलली जातात आणि उरलेला मजकूर औपचारिक म्हणून बाजूला ठेवला जातो. साहित्यविषयक नियतकालिकाच्या बाबतीत निदान संपादकाची अभिरुची, त्याची भूमिका, त्याने ओढवून घेतलेले वाद हे अभ्यासविषय होतात, कारण तेथे संपादक हा एक प्रकारचा लेखकच समजला जातो. शास्त्रीय नियतकालिकाच्या संपादकाला हा मान नाही. आलेले निबंध निवडणारा आणि मुद्रिते तपासणारा तटस्थ कारभारी, एवढीच त्याची प्रतिमा असते. त्यामुळे तो आपल्या नियतकालिकाची कहाणी सांगतो तेव्हा ती कहाणी आहे, तिला नायक आहे, आरंभ आहे आणि गाळलेले प्रसंग आहेत, याचा विसर पडतो.

या दृष्टीने बेंजामिन सिलिमन यांनी १८४७ मध्ये लिहिलेली एक प्रस्तावना विचारात घेण्याजोगी आहे. सिलिमन हे अमेरिकेतील येल महाविद्यालयात रसायन आणि भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक होते. १८१८ च्या जुलैमध्ये त्यांनी न्यू हेवन येथून ‘अमेरिकन जर्नल ऑफ सायन्स’ सुरू केले. खनिजशास्त्र आणि भूगर्भशास्त्र या विषयांना अग्रस्थान देणारे हे नियतकालिक लोकांच्या तोंडी ‘सिलिमनचे जर्नल’ याच नावाने राहिले आणि आजही ते प्रसिद्ध होते. १८४५ पर्यंत त्याचे एकोणपन्नास खंड झाले. पन्नासावा खंड नव्या निबंधांचा नव्हता. तो आधीच्या सर्व खंडांची सूची होता. या सूचीला सिलिमन यांनी नियतकालिकाच्या वाटचालीविषयी प्रस्तावना जोडली. एका संपादकाचे आख्यान आणि एक वर्णानुक्रमी सूची असे दोन भिन्न प्रकृतीचे मजकूर एकाच पुठ्ठ्यात बांधले गेले, आणि त्या जुळणीतच या खंडाचे खरे स्वारस्य आहे.

प्रस्तावनेतील आरंभकथा प्रसिद्ध आहे. सिलिमन यांच्यापूर्वी न्यूयॉर्कचे डॉ. आर्चिबाल्ड ब्रूस यांनी १८१० मध्ये ‘अमेरिकन मिनरॅलॉजिकल जर्नल’ काढले होते. त्याचा एकच खंड, चार अंकांचा, १८१४ पर्यंत रखडत पूर्ण झाला आणि ते थांबले. १८१७ मध्ये लाँग आयलंड साउंडमधून जाणाऱ्या ‘फुल्टन’ या आगबोटीवर सिलिमन यांची कर्नल जॉर्ज गिब्ज यांच्याशी गाठ पडली. गिब्ज हे श्रीमंत खनिजसंग्राहक. ब्रूस यांचे नियतकालिक पुन्हा उभे राहण्याची चिन्हे नाहीत, तेव्हा हे काम तुम्ही हाती घ्या, असा आग्रह त्यांनी सिलिमन यांना केला. सिलिमन यांना संकोच वाटला तो ब्रूस यांचा. त्यांनी ब्रूस यांचे मत घेतले, ब्रूस यांनी संमती दिली, आणि पहिला अंक निघण्यापूर्वीच, १८१८ च्या फेब्रुवारीत, ब्रूस वारले.

या कथेत तीन पात्रे आहेत: खंगत चाललेला पूर्वसूरी, आग्रह करणारा मित्र आणि संकोचणारा वारस. ही वारसाहक्काची कथा आहे. नवे नियतकालिक काढणे म्हणजे जुन्याच्या जागेवर दावा सांगणे. त्या दाव्याला पूर्वसूरीच्या संमतीने नैतिक अधिष्ठान मिळते आणि मित्राच्या आग्रहाने महत्त्वाकांक्षेचा दोष टळतो. घटना खऱ्या असूनही त्यांची जुळणी एखाद्या वाङ्मयीन आकृतिबंधाप्रमाणे होते, हे हेडन व्हाइट यांनी ‘मेटाहिस्टरी’ (१९७३) मध्ये एकोणिसाव्या शतकाच्या इतिहासकारांविषयी दाखवून दिले. सिलिमन यांच्यासारख्या शास्त्रज्ञ-संपादकाचे लेखन व्हाइट यांच्या विवेचनात येत नाही, पण तेथेही हेच घडते.

आगबोटीवरची भेट योगायोगाची असेल; त्या भेटीचे सामर्थ्य मात्र योगायोगाचे नव्हते. सिलिमन यांचे मूळ शिक्षण कायद्याचे. येलचे अध्यक्ष टिमथी ड्वाइट यांनी त्यांना रसायनशास्त्राचे अध्यापकपद देऊ केले तेव्हा त्या विषयाचे त्यांना जवळजवळ काहीच ज्ञान नव्हते. नेमणूक झाल्यावर ते शिकावयास फिलाडेल्फियाला गेले, आणि जाताना महाविद्यालयाचा सारा खनिजसंग्रह मेणबत्त्यांच्या एका पेटीत घालून बरोबर घेऊन गेले. न्यू हेवनमध्ये त्या दगडांची नावे सांगणारे कोणी नव्हते. ती अ‍ॅडम सायबर्ट यांनी फिलाडेल्फियात सांगितली. पुढे १८०५-०६ मध्ये एडिंबरोत त्यांनी पृथ्वीच्या घडणीत पाण्याचे कार्य प्रमुख की अग्नीचे, हा वेर्नर आणि हटन यांच्या अनुयायांमधील वाद प्रत्यक्ष ऐकला. गिब्ज यांचा भला मोठा खनिजसंग्रह तर १८१७ च्या आधीच येलमध्ये मांडला गेला होता आणि सिलिमन त्याच्या आधाराने शिकवीत होते. १८२५ मध्ये येलने तो वीस हजार डॉलरना विकत घेतला. म्हणजे आगबोटीवर भेटले ते एक संग्राहक आणि त्याच्या संग्रहाचा व्याख्याता. मेणबत्त्यांच्या पेटीपासून या संग्रहापर्यंतचा प्रवास हीच नियतकालिकाची खरी पूर्वपीठिका होय. पण संस्था, संग्रह आणि खरेदी यांच्या हळूहळू होणाऱ्या संचयाला नाट्य नसते, आणि आगबोटीला असते.

पहिल्या खंडाचे संपूर्ण शीर्षक लांबलचक होते. विज्ञान, त्यातही विशेषेकरून खनिजशास्त्र, भूगर्भशास्त्र आणि निसर्गेतिहासाच्या इतर शाखा, आणि त्यांच्या जोडीला शेती आणि उपयुक्त तसेच शोभेच्या कला, एवढा पसारा त्यात सामावला होता. ‘शोभेच्या कला’ हे शब्द केवळ भारदस्तपणासाठी नव्हते. याच खंडात येलचे गणिताचे तरुण प्राध्यापक अलेक्झांडर फिशर यांचा संगीतातील स्वरांतरांच्या जुळणीवरील निबंध आहे. दगडांच्या वर्णनाशेजारी स्वरांचे गणित छापले जाणे आजच्या वाचकाला चमत्कारिक वाटेल. १८१८ च्या वाचकाला ते तसे वाटले नसावे. ज्ञानाच्या एकात्मतेवर सिलिमन यांची श्रद्धा होती, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु या व्यापकपणामागे साधे अंकगणितही होते. केवळ खनिजांना वाहिलेले नियतकालिक जगवील एवढा वाचकवर्ग त्या देशात नव्हता. ब्रूस यांच्या एका खंडाने ते सिद्ध केलेच होते. आदर्श आणि निकड यांचा असा संगम नियतकालिकांच्या इतिहासात वारंवार आढळतो, आणि संपादकाच्या आठवणीत बहुधा त्यातला आदर्श तेवढा उरतो.

दुसऱ्या खंडापासून, १८२० मध्ये, शीर्षक आखडून ‘अमेरिकन जर्नल ऑफ सायन्स अँड आर्ट्स’ असे झाले. १८८० मध्ये त्यातून ‘आर्ट्स’ गेले. विसाव्या शतकात भौतिकी, रसायन, वनस्पतिशास्त्र हे विषयही आपापल्या स्वतंत्र नियतकालिकांकडे निघून गेले आणि येथे भूविज्ञान तेवढे राहिले. या क्रमाला ‘विकास’ म्हणण्याची प्रथा आहे. पण याला क्रमाक्रमाने झालेली माघारही म्हणता येईल. आरंभी जे अग्रस्थानी होते तेच अखेरीस एकटे उरले. मधल्या काळात जे जे त्याच्या सोबतीला होते, त्याची निघून जाण्याची तारीखसुद्धा बहुतेक वेळा नोंदली गेलेली नाही. शीर्षकातून एखादा शब्द वगळताना संपादक सहसा अग्रलेख लिहीत नाही.

पैशाचा उल्लेख सिलिमन करतात, आणि तो मोकळेपणाने करतात. आरंभीचे वर्गणीदार काही शेच होते, पहिल्या खंडानंतर खंड पडला, प्रकाशकांचा धीर सुटला आणि आर्थिक जबाबदारी संपादकाने स्वतःच्या अंगावर घेतली. येलने नियतकालिक चालविले नाही. येलच्या प्राध्यापकाने चालविले. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण त्यामुळे नियतकालिक ही संस्थेची नव्हे तर घराची मालमत्ता झाली. १८३८ मध्ये थोरल्या सिलिमन यांचे चिरंजीव, धाकटे बेंजामिन सिलिमन, संपादनात आले. जेम्स ड्वाइट डेना यांचा विवाह १८४४ मध्ये सिलिमन यांची कन्या हेन्रिएटा हिच्याशी झाला आणि १८४६ मध्ये नवी मालिका सुरू झाली तेव्हा जावई संपादक झाले. डेना हे कोणाचेही जावई नसते तरी त्या काळातील अमेरिकेचे आघाडीचे खनिजशास्त्रज्ञ होतेच. त्यांचे ‘सिस्टिम ऑफ मिनरॅलॉजी’ १८३७ मध्येच निघाले होते. तरीही गुणवत्तेची आणि नात्याची अशी सरमिसळ झाली की सिंहावलोकनाचा स्वर आपोआप कुटुंबकथेचा होतो. शंभर वर्षे पूर्ण झाली तेव्हा, १९१८ मध्ये, नियतकालिकाचा इतिहास लिहिला तो एडवर्ड सॅलिस्बरी डेना यांनी. ते जेम्स डेना यांचे पुत्र, म्हणजेच संस्थापकाचे दौहित्र. आजोबांच्या प्रस्तावनेतील आगबोट, गिब्ज आणि ब्रूस तेथेही येतात, आणि तेथून ते पुढच्या इतिहासग्रंथांत जातात. एका प्रस्तावनेतील निवेदन तीन पिढ्यांत पुराव्याच्या पदाला पोचते ते असे.

आख्यान निवड करते. सूची, निदान तत्त्वतः, करीत नाही. सूचीत संस्थापक आणि एकदाच पत्र पाठवणारा एखादा गावचा डॉक्टर हे आद्याक्षरानुसार मांडले जातात. कोणाला किती ओळी द्यायच्या हे त्यांच्या प्रतिष्ठेवरून नव्हे तर त्यांच्या छापील मजकुरावरून ठरते. सूचीला आरंभ नसतो, कळस नसतो, नायकही नसतो. अर्थात ती पूर्णतः निष्पाप नाही. ती लेखकाचे नाव नोंदते. ज्याच्यामुळे लेखन शक्य झाले त्याचे नोंदत नाही.

याचे उत्तम उदाहरण कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यातील पाऊलखुणांचे आहे. १८३५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील ग्रीनफील्ड या गावी पदपथासाठी आणलेल्या वालुकाश्माच्या फरश्यांवर पक्ष्यांच्या पायांसारखे ठसे दिसले. ते ज्यांच्या ध्यानात आले त्यांत डेक्स्टर मार्श नावाचा फरश्या बसविणारा मजूर होता. गावचे डॉक्टर जेम्स डीन यांनी एडवर्ड हिचकॉक आणि सिलिमन या दोघांनाही कळविले. हिचकॉक हे अ‍ॅमहर्स्ट महाविद्यालयाचे प्राध्यापक. त्यांनी जागोजागी हिंडून ठसे गोळा केले आणि १८३६ मध्ये सिलिमन यांच्या नियतकालिकात त्यांवर विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. ठसे प्राचीन पक्ष्यांचे आहेत असे त्यांचे प्रतिपादन होते. ते डायनोसॉरांचे ठरले ते पुष्कळ नंतर, कारण ‘डायनोसॉर’ या संज्ञेचे मूळ रूपच रिचर्ड ओवेन यांनी १८४२ मध्ये घडविले. १८४४ मध्ये या शोधाच्या श्रेयाबद्दल डीन आणि हिचकॉक यांच्यात उघड वाद झाला आणि तोही याच नियतकालिकाच्या पानांवर. मजुराने पाहिले, डॉक्टराने कळविले, प्राध्यापकाने लिहिले. यांतले लेखकपद कोणते? फूको यांनी १९६९ मध्ये ‘लेखक म्हणजे काय’ असा प्रश्न विचारताना विज्ञानाच्या क्षेत्राचाही विचार केला होता. ग्रीनफील्डच्या फरश्यांवर तो प्रश्न त्यापूर्वी सव्वाशे वर्षे प्रत्यक्ष उभा राहिला होता, आणि त्याचा निवाडा करण्याची पाळी संपादकावर आली होती. दोन्ही बाजू छापणे हा संपादकाचा निवाडा. मजुराची बाजू छापण्याचा प्रश्न उद्भवलाच नाही.

पुढच्या काळात संपादकाची अनुपस्थितीदेखील निर्णायक ठरलेली दिसते. डार्विन यांचा ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ १८५९ च्या नोव्हेंबरात निघाला तेव्हा जेम्स डेना अतिश्रमाने आजारी पडून युरोपात गेले होते. १८६० च्या मार्च अंकात त्या ग्रंथाचे परीक्षण केले आसा ग्रे यांनी, आणि जुलै अंकात लुई अ‍ॅगासीझ यांचा विरोधी मजकूर आला. दोघेही नियतकालिकाचे सहयोगी संपादक. उत्क्रांतिवादाविषयी स्वतः डेना यांचे मत पालटावयास पुढे दीड दशक लागले. ते न्यू हेवनमध्ये असते तर ग्रे यांच्या परीक्षणाचे काय झाले असते हा तर्काचा विषय आहे, पण तो रिकामा तर्क नव्हे.

ऑथनील मार्श यांनी याच नियतकालिकाचा उपयोग जवळजवळ तारघरासारखा केला. एडवर्ड कोप यांच्याशी चाललेल्या स्पर्धेत आपण दिलेले नाव आधी छापले जावे एवढ्याचसाठी त्रोटक टिपणे पाठवावयाची, हा त्यांचा क्रम. ‘अपॅटोसॉरस’ १८७७ मध्ये आणि ‘ब्राँटोसॉरस’ १८७९ मध्ये अशा टिपणांतून जन्माला आले. १९०३ मध्ये एल्मर रिग्ज यांनी दोन्ही एकच ठरविले आणि २०१५ मध्ये एका संशोधकगटाने ते पुन्हा वेगळे काढले. घाईने लिहिलेल्या काही ओळींवर शतकभराहून अधिक काळ भाष्ये होत राहिली. मायकेलसन आणि मोर्ली यांचा ईथरविषयक निबंधही १८८७ मध्ये येथेच आला. विज्ञानेतिहासाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात त्याचा उल्लेख असल्याने त्यावर येथे अधिक लिहिण्याचे प्रयोजन नाही.

ज्याचा उल्लेख नव्हता ते पाहणे अधिक उद्‌बोधक आहे. १८५६ च्या नोव्हेंबर अंकात युनिस फूट यांचा सूर्यकिरणांच्या उष्णतेवरील निबंध आहे. फूट यांची साधने साधी: काचेच्या दोन नळ्या, हवा काढण्याचा पंप आणि चार तापमापक. एका नळीतील हवा विरळ करून दुसरीत दाटवून, मग कोरडी आणि दमट हवा भरून, शेवटी कार्बनिक अ‍ॅसिड वायू, म्हणजे आजचा कार्बन डायऑक्साइड, भरून त्यांनी त्या उन्हात ठेवल्या. त्या वायूची नळी सर्वांत अधिक, १२५ अंश फॅरनहाइटपर्यंत, तापली आणि सावलीत नेल्यावर निवावयास तिला कितीतरी अधिक वेळ लागला. यावरून फूट यांनी काढलेला निष्कर्ष निखळ भूगर्भशास्त्रीय होता: पृथ्वीच्या इतिहासात एखाद्या काळी वातावरणात या वायूचे प्रमाण अधिक असेल, तर पृथ्वी अधिक उष्ण असली पाहिजे. हा निबंध त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ऑल्बनी येथे अमेरिकन विज्ञानपरिषदेत वाचला गेला. वाचला तो जोसेफ हेन्री यांनी. परिषदेच्या वृत्तांतग्रंथात तो आला नाही. तो उरला तो डेना आणि सिलिमन यांच्या पानांवर.

संपादकांनी तो छापला, हे त्यांचे श्रेय होय आणि ते नाकारता येणार नाही. परंतु छापणे आणि स्मरणात ठेवणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. वायूंच्या उष्णताशोषणाच्या संशोधनाचे श्रेय जॉन टिंडल यांच्या १८५९ नंतरच्या प्रयोगांकडे गेले. त्यांची मापनपद्धती अधिक सूक्ष्म होती, आणि उन्हाची उष्णता व जमिनीने परत टाकलेली उष्णता यांतील भेद त्यांच्या प्रयोगांत होता, फूट यांच्या प्रयोगांत नव्हता, हेही खरे. पण त्यामुळे दीडशे वर्षांच्या मौनाचे समर्थन होत नाही. आगबोट, मित्र, पूर्वसूरी आणि जावई यांच्या आख्यानात फूट यांना बसविता येईल अशी जागाच नव्हती. त्या वर्गणीदार नव्हत्या की आप्त नव्हत्या हा प्रश्न नाही. त्यांचा निबंध ज्या प्रश्नाचे उत्तर होता तो प्रश्नच १८५६ मध्ये कोणी विचारीत नव्हते, आणि जेव्हा विचारला गेला तेव्हा नियतकालिकाचा इतिहास लिहून पूर्ण झाला होता.

येथे सूचीची साक्ष तरी कामी आली का? सूचीत नाव असले तरी ते विचारणारा असावा लागतो. २०११ मध्ये रेमंड सोरेन्सन या निवृत्त पेट्रोलियम-भूशास्त्रज्ञांनी फूट यांचे कार्य पुढे आणले. पण त्यांना त्याचा माग लागला तो सिलिमन यांच्या नियतकालिकातून किंवा त्याच्या सूचीतून नव्हे, तर १८५७ च्या एका वार्षिक विज्ञानसंकलनातील सारांशावरून. मूळ निबंध १८५६ च्या खंडात ३८२ आणि ३८३ या दोन पानांवर आहे. त्याच्या लगेच आधी, ३७७ ते ३८१ या पानांवर, त्याच विषयावरील निबंध आहे. तो युनिस यांचे पती एलिशा फूट यांचा.